सूक्ष्म वाहिन्यांतील रक्ताचा वेग : मेंदूतील रक्तप्रवाहाच्या प्रकाशीय दर्शनाचा इतिहास आणि नंदुरबारचा सिकलसेल विकार

नंदुरबार जिल्ह्यातील आदिवासी समाजांत आढळणाऱ्या सिकलसेल या रक्तविकाराची चर्चा होते तेव्हा ती बहुधा पेशीच्या आकाराभोवती फिरते. विळ्यासारखी वाकलेली तांबडी पेशी हे या विकाराचे चिन्हच होऊन बसले आहे, आणि ते स्वाभाविकही आहे. कारण आकार सूक्ष्मदर्शकाखाली चटकन दिसतो. परंतु रुग्णाला जो त्रास होतो तो निव्वळ आकारामुळे होत नाही. वाकलेली पेशी जेथे अडकते, अथवा अडकण्यापूर्वीच निसटून जाते, त्या अतिसूक्ष्म वाहिन्यांत रक्त किती वेगाने वाहत आहे यावर पुष्कळ काही अवलंबून असते. आकार पाहणे आणि वेग मोजणे या दोन गोष्टींचा इतिहास एकच आहे असे समजले जाते. प्रस्तुत लेखात असे दाखवावयाचे आहे की हे दोन इतिहास वेगळे असून त्यांच्यामध्ये फार मोठे कालांतर पडलेले आहे, आणि आपल्या जिल्ह्यातील विकार नेमका त्या अंतरात उभा आहे.

प्रथम येथील हकीकत. भारतात सिकलसेलचा प्रथम उल्लेख १९५२ साली झाला. त्या वर्षी लेहमन व कटबुश यांना निलगिरीतील आदिवासींत ही पेशी आढळली. पश्चिम भारतातील काही जमातींतील सिकलसेल-वाहकांविषयी सुकुमारन, संघवी व व्यास यांनी १९५६ साली लिहिले, आणि १९५८ साली शुक्ला व सोळंकी यांचा मध्य भारतातील वाहकांवरील लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला. पुढे महाराष्ट्रात या विषयाचा दीर्घकाळ पाठपुरावा झाला. काटे व लिंगोजवार यांनी २००२ साली राज्याचा जो आढावा घेतला, त्यात भिल्ल, पावरा, माडिया, परधान इत्यादी जमातींत वाहकांचे प्रमाण शेकडा २० ते ३५ पर्यंत जात असल्याचे नमूद आहे. यांपैकी भिल्ल व पावरा ही नंदुरबारची माणसे. सातपुड्यातील धडगाव व अक्कलकुवा या तालुक्यांत त्यांची दाट वस्ती आहे. परंतु तापीच्या अलीकडे, रनाळ्यासारख्या नंदुरबार तालुक्यातील गावांतही, या प्रश्नाला परके कोणी नाही. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा होऊन हा जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा पूर्वीच्या पश्चिम खानदेशाचा हा आदिवासीबहुल भाग आपल्या आजारांसह स्वतंत्रपणे मोजला जाऊ लागला.

त्या आरंभीच्या काळात ही पेशी कशी शोधीत असत हे आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगे आहे. रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यावयाचा, त्यात सोडियम मेटाबायसल्फाइटचा द्राव मिसळावयाचा, वर पातळ काच ठेवावयाची आणि वाट पाहावयाची. १९४८ साली डालंड व कॅसल यांनी सुचविलेल्या या रीतीत द्रावामुळे रक्तातील प्राणवायू नाहीसा होतो आणि दोषी पेशी वाकू लागतात. रीत स्वस्त, सोपी आणि गावोगाव नेता येण्यासारखी. परंतु तिच्यात रक्त स्थिर असते. जे रक्त शरीरात क्षणभरही थांबत नाही ते येथे काचेखाली थांबविलेले असते, आणि पेशीला वाकण्यासाठी लागेल तितका वेळ दिलेला असतो. शरीर इतका वेळ देत नाही.

वेळेचा हा मुद्दा प्रथम नीट मांडला गेला तो १९७४ साली. तोपर्यंत रसायनशास्त्राने बरीच मजल मारली होती. १९४९ साली पाउलिंग व त्याच्या सहकाऱ्यांनी या विकारातील हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात निराळे वागते हे दाखविले होते, आणि इन्ग्रॅमने १९५६–५७ साली संपूर्ण दोष एकाच अमिनो आम्लाच्या बदलात असल्याचे सिद्ध केले होते. हॉफरिख्टर, रॉस व ईटन यांनी एक निराळाच प्रश्न विचारला : प्राणवायू गेल्यानंतर हे हिमोग्लोबिन गोठून तंतुरूप होण्यास किती वेळ लागतो? त्यांना आढळले की प्रारंभी काही काळ काहीच घडत नाही, आणि नंतर एकाएकी सारा द्राव गोठतो. हा जो विलंबकाल, तो हिमोग्लोबिनच्या संहतीच्या सुमारे तिसाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. म्हणजे संहती केवळ एक-दशांशाने वाढली तर विलंबकाल सुमारे सतरा पटींनी घटतो. निसर्गात इतका उतावळा संबंध क्वचितच पाहावयास मिळतो.

केशवाहिनीतून पार होण्यास पेशीला साधारणतः सेकंदाच्या आसपास काळ लागतो. पेशीचा विलंबकाल त्याहून अधिक असेल तर ती प्राणवायू देऊन, वाकण्यापूर्वीच, मोठ्या शिरेत पोहोचते आणि फुप्फुसात जाऊन पुन्हा सावरते. काही कारणाने प्रवाह मंदावला, तर तीच पेशी वाटेतच कडक होते आणि मागून येणाऱ्या पेशींची वाट अडवते. प्रवाह आणखी मंदावतो. तेव्हा वेग ही येथे परिणामाची खूण तर आहेच, पण कारणांच्या साखळीतील एक कडीही आहे. एवढे समजल्यावर स्वाभाविकपणे विचारावेसे वाटते की जिवंत माणसाच्या, विशेषतः मुलाच्या, मेंदूतील केशवाहिन्यांत रक्ताचा वेग किती आहे हे आपल्याला पाहता येते काय? या प्रश्नाचा इतिहास आता पाहू.

हार्वीने १६२८ साली रक्ताभिसरण प्रतिपादिले. परंतु रोहिणीतील रक्त शिरेत कोणत्या वाटेने जाते हे त्याला दिसले नव्हते. ती वाट माल्पिगीने १६६१ साली बेडकाच्या फुप्फुसात पाहिली. लेव्हेनहूकने १६८८ च्या सुमारास बेडूकमाशाच्या शेपटीत वाहते रक्त पाहून वर्णिले. म्हणजे पाहण्याचे काम हार्वीनंतर साठ वर्षांत पुरे झाले. मोजण्याचा यत्न इंग्लंडातील स्टीफन हेल्स या धर्मोपदेशकाने आपल्या १७३३ च्या ग्रंथात केला. बेडकाच्या स्नायूतील सूक्ष्म वाहिन्यांत कण किती काळात किती अंतर जातो हे त्याने पाहिले. साधने कोणती? सूक्ष्मदर्शक आणि काल मोजण्याचे साधन. पुढील दोनशे वर्षे साधनांत म्हणण्यासारखी भर पडली नाही.

मेंदूच्या बाबतीत अडचण उघड होती. बेडकाचे फुप्फुस पारदर्शक. मेंदू मात्र हाडाच्या पेटीत बंद. डॉन्डर्सने १८५० च्या सुमारास सशाच्या कवटीत काचेची खिडकी बसवून पृष्ठभागावरील वाहिन्या आकुंचन-प्रसरण पावताना पाहिल्या. रॉय व शेरिंग्टन यांनी १८९० साली असे प्रतिपादन केले की मेंदूचा जो भाग काम करतो तेथे रक्ताचा पुरवठा वाढतो. आज मेंदूचे कार्य दाखविणाऱ्या बहुतेक यंत्रांचा पाया हे विधान आहे. १९२८ साली फोर्ब्स याने मांजराच्या कवटीतील खिडकीतून वाहिन्यांचे व्यास पद्धतशीर मोजले. व्यास मोजला, वेग नव्हे. हा भेद लहान वाटतो, पण वाहिनी रुंदावली म्हणजे रक्त वेगाने वाहू लागले असे समजण्याची चूक अनेकांनी केलेली आहे. वस्तुतः तितकेच रक्त रुंद वाहिनीतून जात असेल तर त्याचा वेग घटतो, हे पाटाचे पाणी पाहणाऱ्या कोणत्याही शेतकऱ्यास ठाऊक असते.

केटी व श्मिट यांनी १९४५ पासून नायट्रस ऑक्साइड वायूच्या साहाय्याने माणसाच्या मेंदूतील रक्तपुरवठा मोजला, आणि दर शंभर ग्रॅम मेंदूस मिनिटाला सुमारे ५४ मिलिलिटर रक्त मिळते असा आकडा दिला. शरीरक्रियाशास्त्रातील ही फार मोलाची मापने होत. तथापि हा संपूर्ण मेंदूचा सरासरी आकडा. एका केशवाहिनीत काय चालले आहे याविषयी तो काही सांगत नाही, जसे जिल्ह्याच्या एकूण पावसावरून एका शेतातील विहिरीचे पाणी सांगता येत नाही.

मेंदूच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म वाहिन्यांत तांबड्या पेशींचा वेग प्रत्यक्ष मोजल्याचे १९६९ साली रोझेनब्लमने उंदरावरील प्रयोगांत दाखविले. माल्पिगीपासून येथवर तीनशे आठ वर्षे झाली. आणि हाही पृष्ठभागच होता. मेंदूच्या आत, जेथे चेतापेशींचे थर आहेत आणि जेथे केशवाहिन्यांचे खरे जाळे आहे, तेथे प्रकाश सरळ जात नाही. दुधातून जाताना विखुरतो तसा विखुरतो, आणि प्रतिमा धूसर होते.

ही अडचण ज्या युक्तीने सुटली तिचे बीज १९३१ सालचे आहे. मारिया ग्योपर्ट-मायर हिने आपल्या प्रबंधात असे दाखविले होते की एखादा अणू दोन प्रकाशकण एकाच क्षणी शोषून घेऊ शकतो. ही घटना फार विरळ; ती घडविण्यास प्रचंड तीव्रतेचा प्रकाश लागतो. लेसर उपलब्ध झाल्यावर डेन्क, स्ट्रिकलर व वेब यांनी १९९० साली या तत्त्वावर सूक्ष्मदर्शक रचला. अवरक्त लेसरचे अतिशय अल्पकाळ टिकणारे स्पंद एका बिंदूवर एकवटले की केवळ त्या बिंदूपाशीच तीव्रता पुरेशी होते आणि केवळ तेथीलच रंगद्रव्य उजळते. बाकी प्रकाश विखुरला तरी बिघडत नाही, कारण जे उजळले ते कोठून उजळले हे आधीच ठाऊक असते. यांतील चातुर्य असे की प्रतिमा घडविण्याचे काम परतणाऱ्या प्रकाशाकडे न देता जाणाऱ्या प्रकाशाकडे सोपविले आहे.

क्लाइनफेल्ड, मित्र, हेल्मखेन व डेन्क यांनी १९९८ साली या साधनाने उंदीरवर्गीय प्राण्याच्या मेंदूत, पृष्ठापासून सुमारे ०.६ मिलिमीटर खोलवर, एकेका केशवाहिनीतील प्रवाह मोजला. त्यांची रीत इतकी सरळ आहे की ती सविस्तर सांगितली पाहिजे. रक्तद्रवात चमकणारे रंगद्रव्य सोडतात. ते तांबड्या पेशीत शिरत नाही, म्हणून उजळ वाहिनीत पेशी काळ्या ठिपक्यांसारख्या दिसतात. आता संपूर्ण चित्र न घेता लेसरचा बिंदू केवळ वाहिनीच्या लांबीवर, एकाच रेषेत, पुनःपुन्हा फिरवावयाचा, आणि प्रत्येक फेरीची रेषा आधीच्या रेषेखाली मांडीत जावयाचे. पेशी स्थिर असेल तर काळा ठिपका प्रत्येक रेषेत एकाच जागी येईल आणि उभा पट्टा दिसेल. पेशी सरकत असेल तर पट्टा तिरपा होईल. समजा सेकंदास हजार फेऱ्या होत आहेत, रेषेची लांबी मिलिमीटरचा विसावा भाग आहे आणि पेशी सेकंदाला एक मिलिमीटर जाते. तर ती ही रेषा पन्नास फेऱ्यांत ओलांडील, आणि पट्ट्याच्या तिरकसपणावरून वेग हिशेबाने काढता येईल. हेल्सने डोळ्याने व घड्याळाने जे केले तेच हे, केवळ घड्याळ आणि पाहणारा एकाच यंत्रात आले.

या मापनांतून जी गोष्ट उघड झाली ती अपेक्षित नव्हती. केशवाहिन्यांतील प्रवाह पाटाच्या पाण्यासारखा एकसारखा नसतो. शेजारशेजारच्या वाहिन्यांत वेग निरनिराळा असतो, एकाच वाहिनीत तो काही क्षणांत बदलतो, आणि क्वचित थांबतोही. निरोगी प्राण्यात ही अनियमितता खपून जाते. जेथे पेशीचा विलंबकाल आणि वाहिनीतून जाण्याचा काल यांत फारसे अंतर उरलेले नाही, तेथे तीच जीवघेणी ठरेल असे अनुमान करण्यास हरकत नाही.

दुसरी एक प्रकाशीय रीत आहे, आणि तिच्या पूर्वेतिहासात भारताचा वाटा आहे. याचा उल्लेख आपल्याकडील लेखनात क्वचितच होतो. काचेवर बारीक भुकटी पसरून तिच्यातून प्रकाशबिंदू पाहिला तर भोवती कडी दिसतात, आणि त्या कड्यांत प्रकाश एकसारखा नसून रवाळ असतो. बंगळूर येथे रामन यांचे शिष्य जी. एन. रामचंद्रन यांनी १९४३ साली या कड्यांतील तीव्रतेच्या चढउतारांवर लेख प्रसिद्ध केला. प्रथिनांच्या रचनेवरील कार्यामुळे पुढे जगप्रसिद्ध झालेल्या या शास्त्रज्ञाचे हे आरंभीचे काम. १९६० साली लेसर आल्यावर हीच रवाळ नक्षी प्रत्येक प्रयोगशाळेच्या भिंतीवर दिसू लागली, आणि बहुतेकांनी तिला उपद्रव मानले. फेर्शर व ब्रायर्स यांनी १९८१ साली उपद्रवाचेच साधन केले. लेसरने उजळलेल्या पृष्ठभागाखाली रक्तपेशी हलत असतील तर नक्षीही सारखी बदलते, आणि क्षणभर उघडलेल्या छायाचित्रात ती पुसट होते. पेशी जितक्या वेगवान तितका रवाळपणा कमी. त्यांनी ही रीत डोळ्याच्या पडद्यावर योजिली. डन, बोले, मॉस्कोविट्झ व बोआस यांनी २००१ साली ती उंदरांच्या मेंदूवर वापरून मोठ्या क्षेत्रातील रक्तप्रवाहाचे क्षणोक्षणीचे चित्र मिळविले. या रीतीचा दोष असा की वेगाचा निश्चित आकडा तिच्यातून सहजी मिळत नाही. आधीपेक्षा वाढला की घटला एवढे मात्र उत्तम कळते. शिवाय ती पृष्ठभागापुरतीच आहे. तरीही तिला लागणारी सामग्री थोडी, एक लेसर आणि एक कॅमेरा, हे तिचे बळ होय.

मग या सर्वांचा सिकलसेलग्रस्त मुलाला काय उपयोग झाला? येथे इतिहास वेगळे वळण घेतो. मुलांच्या मेंदूला होणाऱ्या इजेपासून त्यांना वाचविण्याचे पहिले मोठे यश प्रकाशाने मिळविले नाही, ध्वनीने मिळविले. आस्लिड याने १९८२ साली कवटीच्या पातळ भागातून श्रवणातीत ध्वनी पाठवून मेंदूच्या मोठ्या रोहिण्यांतील वेग मोजण्याची रीत काढली. १९९२ साली ॲडम्स व त्याच्या सहकाऱ्यांना आढळले की सिकलसेल असलेल्या ज्या मुलांत हा वेग फार वाढलेला असतो त्यांना पक्षाघाताचा धोका अधिक असतो. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सेकंदाला २०० सेंटिमीटर वा अधिक वेग असलेली १३० मुले घेतली होती. नेहमीच्या उपचारांच्या गटात ११ मुलांना पक्षाघात झाला. नियमित रक्त दिलेल्या गटात एकाच मुलाला. चाचणी मुदतीपूर्वीच थांबवावी लागली, कारण दुसऱ्या गटाला रक्त न देणे अनुचित ठरले असते.

आकड्यांकडे पुन्हा पाहावे. मोठ्या रोहिणीत सेकंदाला दोन मीटर, केशवाहिनीत सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर : दोन हजार पटींचे अंतर. मोठ्या रोहिणीत संकटाची खूण म्हणजे वेग वाढणे, कारण रोहिणी आतून अरुंद होते आणि पांडुरोगामुळे अधिक रक्त ढकलावे लागते. केशवाहिनीत संकटाची खूण म्हणजे वेग घटणे. ध्वनीच्या रीतीने पहिले कळते. दुसरे कळत नाही. आणि या विकारात पक्षाघाताशिवाय आणखी एक इजा होते. मेंदूतील लहान लहान जागा रक्ताअभावी मरतात, हातपाय लुळे पडत नाहीत, घरच्यांना काही समजत नाही. मूल शाळेत मागे पडते आणि त्याला मठ्ठ म्हटले जाते. एमआरआयमध्ये या जागा दिसतात, पण दिसतात त्या मृत झाल्यानंतर.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी लागते. कुलोझिक व सहकाऱ्यांनी १९८६ साली दाखविले की भारतातील व अरबस्तानातील सिकलसेलचा जनुक आफ्रिकेतील जनुकाहून स्वतंत्रपणे उद्भवला असावा. येथील रुग्णांत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुष्कळदा अधिक प्रमाणात टिकून असते, आणि ते तंतू बनण्यास अडथळा करते. म्हणजे येथील पेशीचा विलंबकाल सर्वसाधारणपणे अधिक लांब असला पाहिजे. परंतु रुग्णारुग्णांत यात पुष्कळ फरक असतो, आणि विदर्भातील कित्येक रुग्णांत आजार तीव्र आढळलेला आहे. तेव्हा आफ्रिकी वंशाच्या अमेरिकन मुलांवरून ठरलेली वेगाची मर्यादा सातपुड्यातील मुलांना जशीच्या तशी लावावी, अथवा येथील आजार सौम्य म्हणून मापनच करू नये, ही दोन्ही मते प्रस्तुत लेखकास सारखीच उतावळी वाटतात.

माणसाची कवटी न उघडता केशवाहिनी पाहण्याची एकच जागा निसर्गाने ठेवली आहे, ती म्हणजे डोळा. डोळ्याचा पडदा गर्भावस्थेत मेंदूपासूनच फुटून निघतो. निरभ्र निळ्या आकाशाकडे स्थिर पाहिले असता चमकते ठिपके वळणावळणाने धावताना दिसतात. नंदुरबारच्या मोकळ्या रानात कोणीही हे पाहू शकेल, मात्र सूर्याकडे पाहू नये. तांबड्या पेशी निळा प्रकाश शोषतात व पांढऱ्या शोषत नाहीत, म्हणून पांढरी पेशी जाते तेथे प्रकाशाचा ठिपका सरकताना भासतो. रिव्हा व पेट्रिग यांनी १९८० साली याच भासावरून पडद्यातील केशवाहिन्यांतील वेग अजमावण्याची रीत बसविली, आणि मार्टिन व रुर्डा यांनी २००५ साली डोळ्याच्या भिंगाचे दोष सुधारणाऱ्या आरशाच्या साहाय्याने त्या पेशींचा वेग बाहेरून प्रत्यक्ष मोजला. हा पडदा म्हणजे मेंदूचा पृष्ठभाग नव्हे, हे खरे. तथापि याहून जवळची खिडकी उपलब्ध नाही.

मेंदूसाठी उरते ती अवरक्ताजवळच्या प्रकाशाची रीत. असा प्रकाश कपाळातून काही सेंटिमीटर आत शिरून विखुरत परत येतो हे योब्सिसने १९७७ साली दाखविले. परतलेल्या प्रकाशाच्या झपाट्याने होणाऱ्या चढउतारांवरून प्रवाह ओळखण्याचे गणित बोआस, कॅम्पबेल व योध यांनी १९९५ साली मांडले, आणि अमेरिकेत सिकलसेलग्रस्त मुलांवर अशी मापने झाली आहेत. येथे एकेक पेशी दिसत नाही, हजारो वाहिन्यांची सरासरी मिळते; परंतु मूल शुद्धीत, आईच्या मांडीवर बसलेले असतानाही मापन करता येते. एक अडचण मात्र आपल्याशी संबंधित आहे. दाट काळे केस आणि सावळी त्वचा हा प्रकाश अधिक शोषतात, म्हणून परतणारा प्रकाश क्षीण होतो आणि आकड्यात चूक शिरू शकते. १ जुलै २०२३ रोजी आरंभ झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत सात कोटी लोकांची तपासणी योजिलेली आहे. ती तपासणी रक्ताच्या थेंबाची आहे. ज्या मुलांत त्या थेंबातून विकार निश्चित होईल, त्यांपैकी काहींच्या कपाळावर अशी मापने येथील त्वचेला व केसांना अनुसरून, निरोगी भावंडांच्या मापनांशी ताडून घेतली, तरच धडगावच्या वा रनाळ्याच्या मुलाच्या मेंदूतील वेग कोणत्या आकड्याला मंद म्हणावयाचा हे ठरविता येईल. तो आकडा दुसऱ्या देशातील मुलांवरून मिळणार नाही.